आक्काच्या खोलीतली ऊब

कोल्हापूरच्या थंडीबद्दल कुणी फार बोलू नये, हे मला मान्य आहे. दुपारी बाराला आमच्या उचगावात माणसं बाह्या दुमडून फिरत असतात आणि गुऱ्हाळावर उभं राहून थंड रस पितात. पण डिसेंबरातल्या पहाटे पत्र्याच्या खोलीत एकदा झोपून बघा. पत्रा रात्रभर थंडी साठवतो आणि पहाटे चारनंतर ती हळूहळू खाली सोडतो. आमच्या घराची मागची खोली अशी पत्र्याची आहे, आणि त्या वर्षी तीच बाळंतिणीची खोली झाली.

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, गडहिंग्लजकडं दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस पूर्ण भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. वजनानं कमी. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी आईला दोनदा बजावलं, "बाळाला ऊब जपा. पंधरा दिवसांनी वजन बघू. वाढलं नाही तर परत दाखल करून पेटीत ठेवावं लागेल." पेटी म्हटल्यावर आक्काचा चेहरा उतरला. पहिले चार दिवस बाळ पेटीतच होतं आणि ती काचेबाहेर स्टुलावर बसून होती.

ऊब कशी जपायची, हेही तिथल्या नर्सनं सांगितलं होतं. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून पांघरायचं, बस्स. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. खरं कारण सांगायचं तर, त्यात मला करण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि मला काहीतरी करायचं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आबा, म्हणजे माझे वडील, फौंड्रीत भट्टीवर काम करतात. आई शाळेत सातवीपर्यंत गेली. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या शिक्षणाचा घराला तोवर झालेला उपयोग म्हणजे लाईटबिल आलं की मोठ्यानं वाचून दाखवणं, आणि टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की सेल काढून परत घालणं. आता पहिल्यांदाच असा प्रश्न आला होता, जो माझ्या पुस्तकातल्या एका अख्ख्या प्रकरणाचा विषय होता: उष्णतेचं वहन.

मी प्रॅक्टिकलची कोरी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'उद्देश : खोलीतील उष्णता टिकवणे.' खाली 'साहित्य', 'कृती', 'निरीक्षणे' असे मथळे पाडून ठेवले. 'निष्कर्ष' हा मथळासुद्धा आधीच लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. एसटी स्टँडजवळच्या दुकानातून भिंतीवर अडकवायचा थर्मामीटर आणला. तो खिडकीच्या काचेला आतून असा टांगला की बाहेरून वाचता यावा आणि त्यासाठी दार उघडावं लागू नये. या युक्तीचा मला इतका अभिमान वाटला की मी ती शेजारच्या दोघांना नेऊन दाखवली.

आमच्याकडं बाळंतिणीची खोली गरम ठेवायची रीत ठरलेली आहे. शेगडी अंगणात पेटवायची. कोळशाचा धूर पुरता जाऊन लाल निखारे झाले, वर राखेची पातळ साय धरली, की मग ती आत आणायची. बाळाला ओव्याची धुरी द्यायची, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी थोडा वेळ ठेवायची, आणि उचलून परत अंगणात. या सगळ्या वेळात दार अर्धं उघडं असतं, आणि पत्र्याच्या खाली, भिंतीत एक वीट न बसवता सोडलेला झरोका असतो, तो तर कायमच उघडा.

मी ही रीत दोन दिवस नीट पाहिली आणि माझा जीव कळवळला. एवढी ऊब तयार करायची आणि वरच्या भोकातून बाहेर सोडून द्यायची! पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे, गरम हवा वर जाते.

पत्र्याच्या नागमोडी कडा आणि भिंत यांच्यामध्ये बोटं जातील एवढ्या फटी होत्या. पहिल्या दिवशी मी त्या जुन्या पोत्याच्या चिंध्यांनी भरल्या. खिडकीच्या तावदानाच्या कडांना मैद्याची खळ करून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. उलट आई म्हणाली, "आज वारं लागत न्हाय बघ. बेस झालं." मग मी झरोक्याकडं वळलो.

त्यासाठी स्टूल लागलं. स्टूल डुगडुगत होतं म्हणून आबांनी ते दोन्ही हातांनी धरलं. ही गोष्ट मी पुढं पुष्कळ वेळा आठवली आहे. मी वर उभा, हातात खताचं रिकामं पोतं, आणि खाली आबा माझ्यासाठी स्टूल धरून.

"झरोका बुजवालायस व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय. सगळी ऊब हितनंच जात्या."

"न्हाय म्हटलं... आमच्यात भट्टीपाशी कसं..."

"आबा, भट्टी येगळी आणि हे येगळं," मी वरूनच म्हणालो. "हा उष्णतारोधनाचा विषय हाय."

आमच्या घरात उष्णतारोधन हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला. आबांनी मान वर करून झरोक्याकडं बघितलं. मग "आसंल," एवढंच म्हणाले आणि स्टूल आणखी घट्ट धरलं.

आई दारात उभी होती. तिनं विचारलं, "आणि धूर कुठनं जाईल रं?"

"निखाऱ्याला धूर कुठं असतोय आई? दिसतोय काय तुला?"

"दिसत न्हाय खरं," ती म्हणाली. आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. त्या 'खरं'च्या पुढं तिचं काहीतरी होतं, पण मी तोवर पोतं ठोकायला घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला अंघोळ घालायला शेजारची मावशी आली. गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातलंय, त्यामुळं ती निम्म्या गल्लीला अरेतुरे करते. खोलीत पाऊल टाकताच ओरडली, "आगं बया! खोली हाय का पिठाचा डबा? आणि ह्यो उद्योग कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

"इंजनेर झालास काय रं?"

"बी.एस्सी. हाय मावशी."

"त्येच ते," मावशी म्हणाली. "दार तरी उघडं ठेवशील का त्येबी चिकटवणार हाईस?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून दुखावलो. जाणकार माणसाला सुरुवातीला असं हसतातच, अशी मी समजूत घातली. मावशी अंघोळ उरकून गेली. आईनं शेगडी आत आणली, धुरी दिली, शेगडी बाजेखाली सरकवली आणि नेहमीसारखं दार अर्धं उघडं ठेवून निघाली. मी म्हणालो, "आई, दार लाव. आणि शेगडी आज उचलू नको. चांगले निखारे हाईत, का वाया घालवायचे?"

आई घुटमळली. बाजेवरून आक्का म्हणाली, "लाव आई, बाळाचं पाय गार हाईत अजून." मग आईनं दार लावलं. खाली राहिलेली फट मी वाकळ गुंडाळून बाहेरून दाबून बंद केली.

आणि अंगणात खुर्ची टाकून वही घेऊन बसलो.

थर्मामीटरचा पारा चढत होता. दर पंधरा मिनिटांनी मी काचेतून वाचायचो आणि लिहायचो. मधे एकदा आई पाणी द्यायला आत जाऊन आली. येताना म्हणाली, "आक्काचं डोस्कं जड झालंय म्हणं. फडकं सैल झालंतं, घट्ट बांधून दिलं." बाळंतिणीचं डोकं बांधायचं फडकं सैल झालं तर डोकं दुखणारच, यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. मी वाकळ परत नीट दाबली. आईनं दार उघडल्यामुळं पारा किंचित उतरला होता, याचीच मला रुखरुख लागली.

त्यानंतर काचेतून बघितलं तर आक्का कुशीवर झोपली होती. बाळ तिच्या पोटाशी. गेल्या दहा दिवसांत तिला सलग झोप मिळाली नव्हती. माझं मन भरून आलं. मी वहीत लिहिलं, 'बाळ व बाळंतीण शांत झोपले.' आणि पान उलटून, आधीच रेघा मारलेल्या निष्कर्षाखाली लिहिलं, 'प्रयोग यशस्वी.'

ते पान मी फाडलेलं नाही. फाडावं असं पुष्कळदा वाटलं.

आबांची त्या आठवड्यात दुपारची पाळी होती. सकाळी बाजारात गेलेले, ते जेवून कामावर जायचं म्हणून अकराच्या सुमारास परत आले. हातातल्या पिशवीत शेपू आणि मेथी. दाराकडं बघून म्हणाले, "आक्का जेवली?"

"झोपलीया. दार उघडू नका आबा, ऊब जाईल."

"कवापासनं झोपलीया?"

"झाला की तास."

"आणि पोरगी? रडली न्हाय?"

"अजिबात न्हाय," मी म्हणालो, आणि हे मी अभिमानानं म्हणालो. "गप झोपलीया."

आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. पिशवी हातातून सुटली. वाकळीमुळं दार अडकलं होतं, ते त्यांनी खांद्यानं ढकलून उघडलं आणि आत गेले. आतून त्यांचा आवाज आला. भट्टीच्या आवाजावर चढवायची सवय असलेला तो आवाज त्यांनी घरात कधी लावला नव्हता.

"पोर उचल! अगं ये, पोर उचल आदी!"

आई धावत आत गेली आणि बाळाला घेऊन उन्हात आली. आबांनी शेगडी पोत्यात धरून सरळ अंगणात फेकली. निखारे तुळशीपर्यंत पसरले. मग आक्काला काखेत हात घालून बाहेर ओढत आणलं. तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती कुणाकडंच बघत नव्हती. मी तिथंच उभा होतो.

"वही ठेव की खाली!" आबा ओरडले. "पाय धर तिचं!"

मी पाय धरले. आक्काला अंगणात आडवं केलं, तशी ती कूस बदलून ओकली. आईनं बाळाचे तळपाय चोळले, पाठीवर थापलं, तोंडावर फुंकर घातली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग बाळ रडलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं खणखणीत. सकाळपासून ते रडलं नाही म्हणून मी स्वतःची पाठ थोपटत होतो. आता ते थांबू नये, एवढंच मी मनात म्हणत होतो.

मावशीच्या आरडाओरड्यानं गल्ली गोळा झाली होती. कुणीतरी रिक्षा आणली. दवाखान्यात दोघींना लगेच ऑक्सिजन लावला. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. तपासून झाल्यावर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. दोघी ठीक आहेत, पण संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवावं लागेल. खोली इतकी बंद कशी काय होती?"

आई पुढं झाली. "वाऱ्यानं दार लागलं जी," ती म्हणाली. "ध्येनातच आलं न्हाय."

आई खोटं बोलत नाही. भाजीवाल्यालाही नाही. मला वाचवायला ती डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलत होती, आणि आबा भिंतीकडं बघत होते. मी तेवढंच राहू दिलं असतं तर चाललं असतं, कुणी काही म्हटलं नसतं. पण वाऱ्यानं दार लागलं असं डॉक्टर समजणार, आणि घरी गेल्यावर तीच खोली, तीच शेगडी. मी म्हणालो, "दार मी लावायला लावलं. झरोकापण मीच बुजवला. फटीसुद्धा."

"का?"

"ऊब टिकावी म्हणून."

"काय शिकतोस?"

"बी.एस्सी. दुसरं वर्ष."

"विषय?"

"भौतिकशास्त्र," मी म्हणालो आणि थांबलो. पण त्या बघत राहिल्या. "आणि रसायनशास्त्र."

"मग सांग, कोळसा बंद जागेत, कमी हवेत जळला की काय तयार होतं?"

तोंडी परीक्षेत माझी जीभ अडकते. मला येत असलेलं उत्तरही मी चुकीचं सांगतो, ही माझी जुनी ख्याती आहे. त्या दिवशी मात्र मी एका दमात सांगितलं, "कार्बन मोनॉक्साईड. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा घट्ट धरतो."

आयुष्यातलं ते एकच तोंडी उत्तर, ज्यात मी कुठंही अडखळलो नाही. डॉक्टरीणबाई आईकडं वळल्या. चांगलं उत्तर दिलं म्हणाल्या असत्या तर मी तिथंच खाली बसलो असतो. त्यांनी आईला सांगितलं, घरात शेगडी अजिबात नको, थोडी नाही आणि जास्तही नाही. बाळाला छातीशी धरा. नर्सनं आधीच सांगितलं होतं तेच.

संध्याकाळी दोघींना घेऊन घरी आलो. मला कुणी रागावलं नाही. मला वाटत होतं, आबा दोन ठेवून देतील आणि विषय संपेल. पण कामावर न जाता ते नुसते चहा घेऊन पायरीवर बसले. फक्त आक्का, बाजेवर टेकता टेकता म्हणाली, "तुमच्या कॉलेजात पयल्यांदा उंदरावर करून बघत्यात न्हवं रं? का डायरेक बहिणीवर?"

आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी स्टूल आणलं आणि झरोक्यातलं पोतं उपटलं. फटींतल्या चिंध्याही ओढायला लागलो, तेव्हा आबा म्हणाले, "त्या ऱ्हाऊ देत. वारं तेवढं आडंल. आता जाळ आत न्यायचा न्हाय, मग भ्या न्हाय."

मी खाली उतरून त्यांच्याजवळ बसलो.

"आबा, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय. आमच्यात एकजण पडलावता असाच, भट्टीपाशी. झोप आल्यागत झालतं त्येला."

"मग तुमी बोलला का न्हाईसा?"

आबांनी कपातला चहा संपवला. चिडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, तुमच्या पुस्तकात काय नवीन निघालं आसंल."

मी त्यांना बोलूच दिलं नव्हतं, हे एक. पण दिलं असतं तरी ते माझ्यापुढं कितीसं बोलले असते? वीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, आणि दोन वर्षं कॉलेजला जाणाऱ्या पोरापुढं त्याला आपल्या डोळ्यांनी बघितलेली गोष्ट सांगायचा धीर झाला नाही. हा धीर त्यांच्याकडून माझ्या शिक्षणानं काढून घेतला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मला वाटत होतं, मी घराला वर आणतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली पुन्हा गार होती. आक्का बाळाला छातीशी धरून वाकळीत बसली होती. आबा अंगणात फिरत होते, कान खाजवत. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "एक सांगू का? बघ तुला पटतंय का."

"सांगा की."

"वाळू लई येळ गरम ऱ्हात्या. आमी सांच्याला वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस वतला, तर सकाळपतूर वाळूला हात लावाय येत न्हाय. घमेल्यात वाळू तापवली हितं भाईर, झाकणाच्या डब्यात भरली, पोत्यात गुंडाळली आणि ठेवली बाजंखाली, तर? जाळ न्हाय, गॅस न्हाय."

माझ्या वहीत 'साहित्य' या मथळ्याखाली वाळू कुठंच नव्हती.

अंगणातल्या चुलीवर जुनं घमेलं चढवलं. शेजारच्या बांधकामावरची वाळू मागून आणली. आबांनी ती आधी चाळली, मग मुठीत दाबून बघितली. "वल्ली न्हाय पायजे," ते म्हणाले. "वल्ली वाळू वाफ धरत्या. आमच्यात साचा वल्ला ऱ्हायला तर रस वतताना फुटतोय. एकदा असा फुटलावता, की पत्र्याला भोक." मग कुठली वाळू चांगली, कुठल्या नदीची चिकट, साचा किती दाबायचा, रस ओतताना रंग कसा ओळखायचा, असं ते बोलतच सुटले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आईसुद्धा भाकरी थापायची थांबून ऐकत होती. ठरलेल्या दिवशी बाळाचं वजन वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं श्रेय आक्काला दिलं, आणि ते बरोबरच होतं. पण आबांनी वाळूचे डबे त्यानंतरही फेब्रुवारीपर्यंत बंद केले नाहीत.

तर त्या सकाळी घमेल्यातली वाळू उलथन्यानं हलवत आबा म्हणाले, "वाळू उष्णता पिऊन बसत्या बघ. पाण्यापरास जास्त पित्या."

हे बरोबर नव्हतं. पाण्याची विशिष्ट उष्णता वाळूपेक्षा कितीतरी जास्त असते, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात तक्ताच आहे. माझं तोंड उघडलं.

आतून आक्का ओरडली, "ये शाण्या! गप बस. सांगू दे त्यास्नी."

मी तोंड मिटलं. पण आबांनी हलवायचं थांबवलं होतं. उलथनं हातात तसंच, माझ्याकडं बघून म्हणाले, "न्हाय, बोल की. काय म्हणत हुतास?"

"काय न्हाय आबा," मी म्हणालो. "किती तापवायची, कसं कळतंय?"

"हात धर वर. खाली नको, वर."

मी घमेल्यावर हात धरला.

"काय कळालं?"

मी पुष्कळ विचार केला. "काय न्हाय," मी म्हणालो.

"मग अजून तापू दे," आबा म्हणाले आणि चुलीत लाकूड सारलं.